दोन चाकांवरून तीन चाकांवर

वेगातली मोटारसायकल डावीकडे वळवायची, तर हँडलची डावी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. मग गाडी डावीकडे कलते आणि वळते. नेहमीची ट्राइक, म्हणजे तीन चाकांची मोटारसायकल, कलत नाही. तिचे हँडल वळायचे त्याच बाजूला फिरवायचे, तेही जोर लावून. जुन्या सवयीने मूठ ढकलली, तर गाडी सरळ उलट्या दिशेला निघते. वळणावर वेग जास्त असला की आतले चाक उचलले जाऊ शकते. म्हणून वेग आधीच कमी करून अंग आत झुकवणे भाग असते. सिग्नलला पाय टेकवण्याची सवय तर घातकच, मागचे चाक पायावरून जाऊ शकते. खड्डा चुकवणेही कठीण, कारण चाकोऱ्या तीन. २००६ साली आलेल्या पियाजिओ एमपी३ या तीनचाकी स्कूटरची पुढची दोन्ही चाके मात्र कलतात, त्यामुळे ती दुचाकीसारखीच वळते.