मतांनी ठरणारे पहिले पान

बातम्यांवर मतदान चालणाऱ्या संकेतस्थळांवर पहिल्या पानाचा मजकूर संपादक ठरवत नाही, वाचक ठरवतात. कुणाला इंटरनेटवर काही वाचण्याजोगे सापडले की तो त्याची लिंक तिथे टाकतो. बाकीचे सदस्य तिला वर नेणारे किंवा खाली ढकलणारे मत देतात आणि त्या हिशेबाने यादी सतत हलत राहते. मूळ लेख दुसरीकडेच असतो; इथे असतो तो त्याचा क्रमांक आणि त्याखाली रंगणारी चर्चा.

1997 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या स्लॅशडॉटवर वाचक बातम्या सुचवत, पण निवड संपादकच करत. 2003 च्या डेलिशसवर लोक आवडलेल्या लिंक जपून ठेवत. एकच लिंक किती जणांनी जपली हे मोजले की लोकप्रियता आपोआप कळे. उघड मतदानाची कल्पना मात्र रुजवली ती केविन रोझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर 2004 मध्ये सुरू केलेल्या ‘डिग’ने. तिथे बातमी आवडली तर ‘डिग’ करायची, नावडली तर पुरायची. डिगच्या पहिल्या पानावर झळकलेल्या लहानशा संकेतस्थळावर एवढी झुंबड उडे की त्याचा सर्व्हरच बसे.

पहिल्या पानाची सत्ता वाचकांची आहे असे सांगितले की वाचक ते खरे मानतात. मे 2007 मध्ये एचडी-डीव्हीडीचे कुलूप उघडणारा सांकेतिक आकडा डिगवर आला. कायदेशीर नोटीस मिळताच व्यवस्थापनाने त्या पोस्ट काढायला घेतल्या. सदस्यांनी तोच आकडा इतक्या पोस्टमधून पुन्हा पुन्हा टाकला की पहिले पान त्यानेच भरले. अखेर रोझने माघार घेतली आणि यापुढे त्या पोस्ट काढणार नाही असे जाहीर केले. तीन वर्षांनी, ऑगस्ट 2010 मध्ये, कंपनीने संकेतस्थळ नव्याने बांधले. पुरण्याचे बटण गेले आणि प्रकाशनसंस्थांच्या लिंक आपोआप येऊ लागल्या. चिडलेल्या सदस्यांनी डिगच्या पहिल्या पानावर प्रतिस्पर्धी रेडिटच्याच लिंक मते देऊन चढवल्या आणि पुष्कळजण तिकडेच निघून गेले. 2012 मध्ये डिग तुकड्यातुकड्याने विकले गेले.

रेडिट जून 2005 मध्ये स्टीव्ह हफमन आणि अॅलेक्सिस ओहानियन यांनी सुरू केले. सुरुवातीला रिकामे पान बरे दिसेना, म्हणून दोघांनी खोट्या नावांची खाती काढून स्वतःच लिंक टाकल्या, ही गोष्ट त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितली. 2008 पासून कुणालाही आपल्या विषयाचा वेगळा कट्टा काढता येऊ लागला. आज पुण्या-मुंबईच्या नावाचेही असे कट्टे तिथे आहेत.

नुसती मते मोजून मात्र काम भागत नाही. तसे केले तर एकदा वर चढलेली पोस्ट तिथेच ठाण मांडून बसेल. म्हणून क्रम ठरवणाऱ्या सूत्रात पोस्टच्या वयाचाही हिशेब येतो. रेडिटने 2008 मध्ये आपला कोड खुला केला तेव्हा त्याची त्या काळची रीत सगळ्यांना पाहायला मिळाली. पसंतीतून नापसंती वजा करून उरलेल्या मतांची प्रत्येक दहापट एक पायरी देते: 10 मतांना एक, 100 मतांना दोन, 1000 मतांना तीन. दुसरीकडे, साडेबारा तास उशिरा आलेल्या पोस्टला एक पायरी फुकट मिळते. म्हणजे सकाळी सहाच्या पोस्टला संध्याकाळी साडेसहाच्या पोस्टशी बरोबरी करायची तर दहापट मते हवीत. खरी मेख पहिल्या पायरीत आहे. तिथे दहा माणसांच्या मताला जे वजन मिळते, तेवढेच वजन पुढे नव्वद जणांना मिळून मिळते. पोस्ट टाकताच कोण जागे होते, यावर तिचे नशीब बरेचसे ठरते.

याला एका प्रयोगाचीही पुष्टी आहे. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी अशाच एका संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना, त्या येताक्षणी, यदृच्छेने एक खोटे अनुकूल मत दिले. त्या प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी 25 टक्क्यांनी वाढले. खोटे प्रतिकूल मत दिले तेव्हा मात्र इतरांनी ते भरून काढले. आधी वर गेलेल्याला आणखी वर नेण्याची ही खोड ओळखूनच मते विकणारे धंदे उभे राहिले आहेत. खोटी खाती चालवणाऱ्याला आपले मत मोजले गेले की नाही हे कळू नये, म्हणून रेडिट दिसणारा आकडा मुद्दाम थोडा इकडेतिकडे करते.

काही साधनांना असे थेट मतदान लागत नाही. गूगल न्यूज आणि टेकमीम हे एकाच घटनेवरच्या बातम्या यंत्राच्या मदतीने एकत्र करतात. टेकमीमवर कोण कुणाला लिंक देतो यालाही महत्त्व आहे. स्टंबलअपॉन सदस्याची आवड पाहून एकेक अनोळखी पान पुढ्यात टाकायचे; ते 2018 मध्ये बंद झाले. मोबाइलवरचे व्हिडिओ अॅप तर बोट कुठे थबकले आणि किती सेकंद पाहिले हेही टिपतात. बघणाऱ्याला आपण मत दिले हे कळतही नाही.