कळण्याच्या भाकरीचा पुरावा

"मॅडम, आपलं खान्देशी जेवण सगळ्यात पौष्टिक, हाच माझ्या संशोधनाचा विषय," धुळ्याची माझी विद्यार्थिनी म्हणाली. मी विचारलं, "सगळं? शेवभाजीवरची तर्रीसुद्धा?" ती विचारात पडली.

संशोधनाचा मुद्दा नेमका हवा, तपासता येईल असा. म्हणून आम्ही कळण्याच्या भाकरीवर आलो. ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली ही भाकरी. दावा एवढाच: नुसत्या ज्वारीपेक्षा कळण्यातून प्रथिनं चांगली मिळतात. पुरावा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या अन्नघटक तक्त्यांत सापडला: १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं, उडदात सुमारे २२. कारणही तिनं शोधलं. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, उडदात भरपूर. उडदात मेथिओनिन कमी, ती उणीव ज्वारी भरून काढते.

मग विरुद्ध बाजू: पिठातलं मीठ, सोबतच्या ठेच्यावर ओतलेलं तेल. तीही तिनं मांडली, घरच्या दळणातलं मिठाचं प्रमाण मोजून. कळण्यासारखं आजीचं शहाणपण आदरानं ऐकावं आणि तराजूत तोलूनही पाहावं. तोलल्यानं त्याचा मान वाढतोच.