कुलाची अब्रू आणि ‘वाट चुकलेली’

इटालियन भाषेंत ‘त्राव्हियाता’ म्हणजे वाट चुकलेली स्त्री. ‘ला त्राव्हियाता’ हें व्हेर्दीचें संगीत नाटक ता. ६ मार्च १८५३ रोजीं व्हेनिसच्या ‘ला फेनीचे’ नाट्यगृहांत प्रथम झालें आणि साफ पडलें. पुढच्याच वर्षीं त्या शहरांतील दुसऱ्या नाट्यगृहांत मात्र रसिकांनीं तें डोक्यावर घेतलें. मूळ कथा फ्रेंच. धाकट्या द्यूमाची ‘ला दाम ओ कामेलिया’ ही कादंबरी १८४८ सालीं निघाली व १८५२ सालीं पॅरिसमध्यें तिचें नाटक झालें. मारी द्यूप्लेसी ही पॅरिसची गणिका १८४७ सालीं अवघ्या तेविसाव्या वर्षीं क्षयानें वारली. द्यूमाचा तिच्याशीं स्नेह होता. तीच या नायिकेचें मूळ.

नाटकांतील व्हियोलेता ऐषआराम सोडून आल्फ्रेदोसह खेड्यांत राहते व घरखर्चासाठीं गुपचूप आपली चीजवस्त विकते. दुसऱ्या अंकांत आल्फ्रेदोचे वडील येतात. ते दुष्ट नव्हेत. त्यांच्या मुलीचें लग्न ठरलें आहे. भावाची ही वागणूक सुटली नाहीं तर वरपक्ष मागें फिरेल, हें त्यांचें दुःख खरें आहे. कधीं न पाहिलेल्या त्या मुलीसाठीं व्हियोलेता दूर होते. आल्फ्रेदो कारण न जाणतां भर मेजवानींत तिच्यापुढें पैसे फेकतो. वडिलांना पश्चात्ताप होतो, पण तोंवर क्षयानें तिला अंथरुणास खिळविलेलें असतें.

व्हेर्दीला ही व्यथा ऐकीव नव्हती. ज्युसेप्पीना स्त्रेप्पोनी या गायिकेसह तो विवाहावांचून राहत होता. गांवांत कुजबूज झाली, तेव्हां पहिल्या पत्नीचे वडील बारेझ्झी यांना १८५२ सालीं पत्र लिहून त्यानें आपल्या घरचा जाब देण्याचें नाकारलें आणि त्या बाईस योग्य तो मान मिळावा असें बजावलें. त्यांचा विवाह १८५९ सालीं झाला. नाटकांतील पात्रें समकालीन पोषाखांत दिसावींत, ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाहीं. अधिकाऱ्यांच्या आग्रहावरून कथा १७०० सालच्या सुमारास नेऊन ठेवावी लागली. प्रेक्षकांना आपलेच कपडे रंगभूमीवर दिसूं नयेत, ही तजवीज बोलकी आहे.

कुलाची अब्रू राखावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु जिला त्या घरांत पाऊल टाकण्याचीही मोकळीक नाहीं, तिच्याकडूनच त्या अब्रूची किंमत वसूल करावी, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. घरांतील वडीलधाऱ्यांनीं दुसरा अंक अवश्य ऐकावा.