सीमेवरचे श्रोते आणि कोलंबोचे निवेदक

पांढुर्णा आणि सौसर ही दोन गावे नकाशावर मध्य प्रदेशात आहेत. परंतु तेथील घरांत आणि बाजारांत ऐकू येते ती मराठी. संत्र्याच्या आणि कापसाच्या व्यापाराने हे दोन्ही तालुके नागपूरशी पिढ्यान् पिढ्या बांधलेले आहेत. 1956 पूर्वी तर ते राज्यकारभारानेही बांधलेले होते, कारण त्या वेळच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर हीच होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्ह्याबरोबर पांढुर्णा आणि सौसर मध्य प्रदेशातच राहिले, आणि त्यांची राजधानी भोपाळ झाली. अर्ज भोपाळला जाऊ लागले, संत्री मात्र नागपूरलाच जात राहिली.

शंभर किलोमीटरच्या आत असलेले नागपूर असे एका रात्रीत परराज्यातले झाले; पण एका गोष्टीला ही सीमा अडवू शकली नाही. ती गोष्ट म्हणजे नभोवाणीचा आवाज. त्या काळच्या श्रोत्यांच्या मनात ज्या निवेदकांनी घर केले, त्यांच्या आठवणींचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र 1948 साली सुरू झाले. त्याचे प्रक्षेपण मध्यम लहरींवर होई. या लहरी दिवसा जमिनीला धरून प्रवास करतात, आणि म्हणून केंद्राच्या सभोवतालच्या मुलखात त्या स्वच्छ ऐकू येतात. सौसर आणि पांढुर्णा हे त्या टप्प्यातलेच. मराठी बातम्या, मराठी भावगीते, शेतकऱ्यांसाठी चार उपयुक्त गोष्टी हे सारे सीमेपलीकडून विनासायास घरात येई. शासनाची भाषा हिंदी झाली तरी रेडिओ मराठी बोलत राहिला.

तथापि तरुण मंडळींना हवे होते चित्रपटसंगीत, आणि ते आकाशवाणीवर दुर्मीळ झाले होते. 1952 साली डॉ. बा. वि. केसकर हे नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. अभिजात संगीताची अभिरुची वाढावी ही त्यांची तळमळ होती. चित्रपटगीते त्यांना हलकी वाटत. या गीतांचा वेळ कमी करण्यात आला आणि गीताबरोबर चित्रपटाचे नाव सांगणेही बंद झाले. निर्मात्यांच्या दृष्टीने ते नाव हीच जाहिरात होती. त्यांनी गीते वाजविण्याची अनुमती काढून घेतली, आणि देशातील सर्वांत लोकप्रिय संगीत देशाच्या नभोवाणीवरून जवळजवळ नाहीसे झाले.

ही पोकळी भरून काढली ती समुद्रापलीकडच्या एका केंद्राने. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या सैन्यासाठी सिंहलद्वीपात लघुलहरींचे एक शक्तिशाली प्रक्षेपण केंद्र उभारले गेले होते. युद्धानंतर ते तेथील सरकारच्या हाती आले आणि त्यातून रेडिओ सिलोनची व्यापारी सेवा जन्मास आली. कोलंबोपासून पांढुर्णा सुमारे सोळाशे किलोमीटर दूर आहे. इतक्या अंतरावरून आवाज येतो कसा, असा प्रश्न कोणालाही पडावा. लघुलहरी जमिनीला धरून फार दूर जात नाहीत. त्या वर झेपावतात, वातावरणाच्या उंच भागातील विद्युत्भारित थरावर आदळतात, आणि तेथून परावर्तित होऊन शेकडो कोस पलीकडे उतरतात. हा थर एकसारखा स्थिर नसतो. म्हणून आवाज कधी भरून येई, कधी विरून जाई. गाण्याच्या ऐन मध्यावर तो ओसरला म्हणजे श्रोता काटा केसभर इकडेतिकडे सरकवीत बसे. अशा येत्याजात्या आवाजात निवेदकाचा शब्द स्पष्ट असणे, त्याचा स्वर चटकन ओळखू येणे, याला फार मोल होते.

अमेरिकेत तबकड्या लावून मधूनमधून गप्पा मारणाऱ्या निवेदकाला ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकडीवरचा स्वार म्हणतात. तेथील कित्येक स्थानिक केंद्रे आठवड्याच्या चाळीस लोकप्रिय गीतांवरच चालत, आणि गावोगावचा तो स्वार गावचा लाडका असे. पांढुर्ण्याला अथवा सौसरला असे स्वतःचे केंद्र त्या काळी नव्हते. त्यांचा स्वार कोलंबोच्या लहरींवरून येई. रेडिओ सिलोनवर ‘बिनाका हिट परेड’ हा इंग्रजी गीतांच्या क्रमवारीचा कार्यक्रम ग्रेग रॉस्कोव्स्की सादर करीत. त्याच धर्तीवर हिंदी गीतांचा कार्यक्रम करावा असे ठरले, आणि 3 डिसेंबर 1952 रोजी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक होते अमीन सयानी. वयाला वीस वर्षे पूर्ण होण्यास अजून काही दिवस अवकाश होता. लिहिणे, बोलणे, पत्रे वाचणे या सर्वांचा मोबदला होता आठवड्याला पंचवीस रुपये. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती विमानाने कोलंबोला जात, आणि तेथून लहरींवर स्वार होऊन त्या पुन्हा भारतात येत. मुंबईत उच्चारलेला शब्द पांढुर्ण्याला पोहोचण्यासाठी समुद्र ओलांडून परत येत असे!

आरंभी कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. सात गीते वाजविली जात आणि ती योग्य क्रमाने लावून पाठविणाऱ्यास बक्षीस मिळे. चाळीसपन्नास पत्रे येतील अशी अपेक्षा होती. आली नऊ हजार. वर्षाच्या आत हा आकडा आठवड्याला पासष्ट हजारांवर गेला. इतकी पत्रे तपासणे अशक्य झाले तेव्हा, 1954 च्या अखेरीस, स्पर्धा बंद करून गीतांच्या लोकप्रियतेची क्रमवारी लावण्यास प्रारंभ झाला. दुकानांतून खपणाऱ्या ध्वनिमुद्रिकांचे आकडे आणि ठिकठिकाणच्या श्रोतासंघांची मते यांवरून गीताची पायरी ठरे. दुकानांचा आकडा मोठ्या शहरांचा कल दाखवी. श्रोतासंघाचे मत मात्र कोणत्याही लहान गावातून येऊ शके. ज्याच्याजवळ ध्वनिमुद्रिका विकत घेण्यास पैसा नाही, त्यालाही पोस्टकार्डाच्या किमतीत आपले मत नोंदविता येऊ लागले. बुधवारी रात्री आठ वाजता जेव्हा क्रमवारी जाहीर होई, तेव्हा तो निकाल आपल्याही मताने लागला आहे अशी भावना गावोगावच्या श्रोत्यांत असे.

निवेदकाच्या कलेचे मर्म येथेच आहे. गायक आणि संगीतकार सर्वांसाठी गातात. निवेदक एकेकाला उद्देशून बोलतो. फर्माईश करणाऱ्याचे नाव आणि त्याच्या गावाचे नाव त्याच्या तोंडून उच्चारले जाते. तेव्हाच्या बिहारमधील झुमरीतिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे गाव; परंतु देशभर त्याची ख्याती झाली ती तेथून येणाऱ्या फर्माइशींमुळे. ज्या गावाचे नाव वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे छापून येत नाही, ते नाव कोलंबोहून साऱ्या देशाला ऐकू जावे, ही साधी गोष्ट नव्हती. सीमेवरच्या गावांच्या बाबतीत तर तिचा अर्थ अधिकच खोल होता. एका राज्याने सोडलेली आणि दुसऱ्या राज्याच्या कडेला पडलेली अशी ही गावे. त्यांना कोणीतरी नावाने हाक मारावी याची भूक त्यांना इतरांहून अधिक असणे स्वाभाविकच होते.

येथे एक शंका उद्भवते. मराठी घरात हे हिंदी निवेदन इतके आपलेसे कसे झाले? याचे उत्तर सयानींच्या घडणीत सापडते. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी या प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या. गांधीजींच्या प्रेरणेने त्या ‘रहबर’ नावाचे पाक्षिक नवसाक्षरांसाठी चालवीत. एकच सोपी हिंदुस्तानी नागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत छापली जाई. त्या कामात हात लावताना अमीन सयानी अवघड शब्द टाळण्यास शिकले. पुढे निवेदन करताना ती साधी बोली त्यांच्या जिभेवर होती. त्यात संस्कृतचा बोजा नव्हता आणि फारसीची नक्षीही नव्हती. ‘बहनो और भाइयो’ असे म्हणताना त्यांनी बहिणींना आधी स्थान दिले, आणि माजघरातून ऐकणाऱ्या बायकांना आपणही श्रोतृवर्गात आहोत हे जाणवले. शाळेतील हिंदी पाठ करावी लागे. बुधवारची हिंदी आपोआप अंगवळणी पडे.

गीतमालेखेरीज इतर निवेदकही तितकेच प्रिय होते. विजयकिशोर दुबे, गोपाल शर्मा, शिवकुमार सरोज, दलवीरसिंह परमार, मनोहर महाजन ही नावे जुन्या श्रोत्यांना घरच्या माणसांसारखी आठवतात. सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमाचा शेवट कुंदनलाल सैगल यांच्या गीताने होई. सैगलचा स्वर आला की आठ वाजले असे घड्याळाकडे न पाहता समजावे! गोपाल शर्मा आणि मनोहर महाजन यांनी आपल्या आठवणी पुढे ग्रंथरूपाने लिहून ठेवल्या, हे श्रोत्यांवर त्यांचे ऋणच होय.

आकाशवाणीलाही अखेर लोकांचा कल ओळखावा लागला. 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे 1 नोव्हेंबर 1967 रोजी तिच्यावर जाहिरातींचे प्रसारण सुरू झाले ते मुंबई, पुणे आणि नागपूर येथून. ज्या तारखेला अकरा वर्षांपूर्वी नागपूर दुरावले होते, त्याच तारखेला नागपूरहून हा नवा, व्यापारी थाटाचा कार्यक्रम सुरू व्हावा, हा एक योगायोगच. त्या सुमारास ट्रान्झिस्टर संचही प्रचारात येऊ लागले होते. रेडिओ दिवाणखान्यातील कपाटावरून उतरून बागेच्या बांधावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर आला. गीतमाला मात्र कोलंबोहूनच ऐकू येत राहिली. 1989 साली ती विविध भारतीवर आली आणि 1994 पर्यंत चालली. अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी निवर्तले. त्याच्या काही महिने आधी, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये, पांढुर्णा आणि सौसर हे दोन तालुके मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला होता.

नवा जिल्हा झाला म्हणजे त्याचा इतिहास लिहिला जातो. त्यात सत्तांतरे येतात, रेल्वे येते, गोटमार येते. कोणत्या आवाजांनी या माणसांची संध्याकाळ भरून टाकली होती, ते त्यात सहसा येत नाही. निवेदकाचा शब्द उच्चारला की हवेत विरतो. ध्वनिफिती थोड्या उरल्या आहेत, आणि श्रोत्यांचे स्मरण हेच त्याचे खरे दप्तर आहे. दर बुधवारी गीतांची क्रमवारी वहीत उतरवून घेणारे श्रोते त्या काळी गावोगाव होते. ज्या घरी अशी एखादी वही, फर्माइशीच्या पत्राची प्रत अथवा श्रोतासंघाचा शिक्का अजून जुन्या ट्रंकेत पडून असेल, तेथे ती रद्दीत जाऊ देऊ नये. घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसून कोणता आवाज, कोणत्या वेळी, कोणाच्या ओसरीवर ऐकला, एवढे जरी लिहून घेतले तरी पुष्कळ होईल. या माणसांचे अर्ज भोपाळला गेले, संत्री नागपूरला गेली. त्यांचे कान कोठे होते, हे सांगू शकणारी पिढी आता फार दिवस सोबत राहणार नाही.