जुने पी.एफ. नंबर एकत्र करा

कोणाकडे किती ठाण उधार गेले, हे आम्हा कापडवाल्यांना तोंडपाठ असते. पण घरातल्या माणसाची पी.एफ.ची खाती किती, ते ठाऊक नसते. आमचे मेहुणे भिवंडीत एका प्रोसेस हाऊसमध्ये 6 वर्षे होते, दुसऱ्यात 5. नंबर दोन. 1995 च्या योजनेत पेन्शनला किमान 10 वर्षे नोकरी लागते. वेगवेगळी धरली तर एकाही खात्यात 10 भरत नाहीत. जोडली की 11 होतात! मात्र नोकरी सोडताना पेन्शनचा हिस्सा उचलला असेल, तर ती वर्षे गेली.

2014 पासून सभासदाला एकच यू.ए.एन. नंबर मिळतो. जुने खाते त्यात आणण्यासाठी फॉर्म 13 आहे. खरी अडचण नावाची. एका मस्टरवर 'शेख' आधी, दुसऱ्यावर शेवटी. आधारवर 'मोहम्मद', पगारपत्रकात नुसते 'मो.'. मेहुण्यांच्या दुरुस्तीच्या कागदावर जुन्या मालकाची सही लागली, आणि तो कारखाना तर केव्हाच बंद पडलेला. मालकाला शोधण्यात आमचे चार महिने गेले.

ज्या बांधवांकडे 20 किंवा अधिक कामगार आहेत, त्यांनी कामगाराचे नाव पहिल्याच दिवशी आधार पाहून लिहावे.