चाकोरीचे माप आणि मर्यादा

अवजड वाहनांच्या चाकांखाली डांबरी रस्ता दबून जे दोन लांबट खळगे पडतात, त्यांना मी आपल्या बैलगाडीच्या काळचाच ‘चाकोरी’ हा शब्द वापरतो. मिश्रण चाकोरीला कितपत दाद देत नाही, हे हॅम्बुर्ग येथे निपजलेल्या यंत्रात पाहतात. बहुधा ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवलेल्या नमुन्यावरून सुमारे ७०५ न्यूटन भाराचे पोलादी चाक सारखे मागेपुढे फिरते. यंत्र खोली सांगते. किती खोली चालेल, हे माणसानेच ठरवायचे असते, आणि खरी अडचण तेथेच आहे. हॅम्बुर्गची मर्यादा २०,००० फेऱ्यांनंतर ४ मिलिमीटर अशी होती. अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १९९०च्या दशकात, टिकलेल्या व बिघडलेल्या रस्त्यांशी ताडून पाहता ती फार कडक ठरली; तेथे १० मिलिमीटर सुचवले गेले. टेक्सासने १२.५ मिलिमीटर खोली कायम धरून डांबराच्या प्रतीनुसार किमान १०,०००, १५,००० किंवा २०,००० फेऱ्या ठरवल्या. रस्त्याशी ताडून घेतलेला आकडाच मला ग्राह्य वाटतो. उसनी मर्यादा गाठण्यासाठी डांबर कमी केले, तर चाकोरी टळते खरी, परंतु मिश्रण कोरडे पडून त्यास भेगा जातात व त्यांतून पावसाचे पाणी आत शिरते.