धावायचे कुठे, कधी आणि कुणी?

नागपूरच्या माणसाला कुणी ऊन शिकवू नये, असे माझे ठाम मत होते. पंचेचाळीस अंशांत कोर्टाच्या आवारात पक्षकारांची वाट पाहत उभे राहण्यात आयुष्य गेले. त्यामुळे जून 2024 मध्ये अमेरिकेतील फिनिक्स शहरी भाच्याकडे गेलो, आणि त्याने "मामा, धावायचे असेल तर पहाटे पाच वाजता निघा, सातनंतर नाही" असे बजावले, तेव्हा मी हसलो. साखर वाढल्यापासून डॉक्टरांच्या हुकमाने मी रोज धावतो. दुसऱ्याच दिवशी मुद्दाम आठ वाजता निघालो.

तिथली हवा इतकी कोरडी की घाम येतच नाही असे वाटते. येतो, पण दिसण्याआधी वाळून जातो. बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटले आणि तीन किलोमीटरवर डोके गरगरू लागले. पालोवर्दे नावाच्या हिरव्या खोडाच्या झाडाखाली मी बसलो. सावली नावालाच. कुत्रा फिरवणारी एक वृद्ध बाई थांबली, तिने स्वतःची पाण्याची बाटली पुढे केली. मी ती वर धरून पिऊ लागलो, तर तिने खूण केली, तोंड लावून पी. वरून ओतलेले पाणी ओंजळीने पिणारी माझी आजी मला त्या वेळी आठवली. घरी आल्यावर भाचा एवढेच म्हणाला, "मामा, तुम्ही ऐकत नाही न!"

त्यानंतर मात्र मी त्या शहराचे वेळापत्रक मानले. अमेरिका उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करते, ॲरिझोना राज्य बहुतांशी करत नाही. संध्याकाळी आणखी तासभर ऊन हवे कुणाला? जूनमध्ये सव्वापाचच्या सुमारास सूर्य उगवतो. त्याआधीचा अर्धा तास म्हणजे धावणाऱ्याचा सण! पूर्वेला डोंगरांच्या काळ्या कडा, हातभर अंतरावर कालव्याचे पाणी, काठावर ध्यान लावून बसलेला बगळा. शेवाळ खाण्यासाठी कालव्यात मुद्दाम मासे सोडले आहेत, त्यांची पाठ मधूनच पाण्यावर दिसते. मातीची सपाट वाट, चढ नाही, कोर्टाची तारीख नाही. समोरून येणारा प्रत्येकजण 'मॉर्निंग' म्हणतो. मला असा आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता, हे कबूल करतो.

पण वकिलाला वाट दिसली की मालकी हक्क आठवतो. हे कालवे मुळात कुणाचे? हजाराहून अधिक वर्षांपूर्वी होहोकाम लोकांनी दगडी व लाकडी हत्यारांनी या वाळवंटात शेकडो मैल कालवे खोदले. 1867-68 नंतर आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी तेच जुने खणून साफ केले आणि राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे नाव शहराला दिले. ज्यांच्या पूर्वजांनी ते खोदले त्या ओ'ओधाम लोकांची हिला नदी मात्र वरच्या अंगाला वळवली गेली, शेते वाळली, उपासमार झाली. पाण्यावरच्या त्यांच्या हक्काचा निकाल लागायला 2004 चा कायदा यावा लागला. चवदार तळ्याच्या वारसांना यातले काही समजावून सांगायची गरज नाही.

धावण्याची गोष्टही तशीच. याच राज्याच्या उत्तरेकडील होपी जमातीचा लुईस तेवानिमा. सरकारी शाळेला विरोध केला म्हणून 1907 मध्ये त्याला दूर पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल शाळेत पाठवले. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने दहा हजार मीटरमध्ये अमेरिकेला रौप्यपदक मिळवून दिले. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते 1924 मध्ये! म्हणजे पदक आधी, नागरिकत्व बारा वर्षांनी. आणि मत? राखीव क्षेत्रातील माणूस सरकारच्या 'पालकत्वाखाली' आहे, सबब मतदार नाही, असा निकाल ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1928 मध्ये दिला. तो 1948 मध्ये फ्रँक हॅरिसन आणि हॅरी ऑस्टिन यांच्या खटल्यात उलटला. हॅरिसन दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला सैनिक होता. तेवानिमा तोवर गावी परतून मेंढ्या राखत होता.

एक गोष्ट मनातून जात नाही. 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 अंशांवर गेला. त्या वर्षी या शहराच्या मॅरिकोपा जिल्ह्यात उन्हाने 645 माणसे गेली, त्यातील निम्म्याच्या आसपास बेघर. मी पाचला धावून सहाला वातानुकूलित घरात येई. परतताना पुलाखाली पुठ्ठ्यावर झोपलेला एक माणूस रोज दिसे. शेवटच्या दिवशी जास्तीची एक बाटली घेऊन गेलो. तो जागा होता. त्याने बाटली घेतली, माझ्या बुटांकडे पाहिले आणि विचारले, "कुठवर जातोस?" मी म्हणालो, पुढच्या पुलापर्यंत. तो म्हणाला, मग लवकर निघ, ऊन येतेय.